मशीनचं डोकं आणि पायडल

सत्त्याऐंशी साली धुळ्यातल्या दुकानांत सरकार खुर्ची टाकून बसलं. हजाराच्या वर रोख देणाऱ्याचं नाव, गाव, पैसे कुठून आले, वस्तू कशाला हवी, हे सगळं लिहून घ्यायचं आणि कुटुंबप्रमुखाच्या नावे खातरजमेचं कार्ड धाडायचं. काळा पैसा पकडायची ही योजना. काळ्या पैशावाले शिलाई मशीन घ्यायला येत नसत, त्याला सरकारचा इलाज नव्हता.

गनीभाईंच्या मशीनच्या दुकानात निकुंभसाहेबांची नेमणूक झाली. पंख्याखालची जागा त्यांनी पहिल्याच दिवशी ताब्यात घेतली.

शेजारच्या भागाबाईला घेऊन रुक्माबाई आली, तेव्हा तिच्या पदराच्या गाठीत तेराशे रुपये होते. दुधाच्या पैशातून चोरून साठवलेले. पाचोऱ्याला दिलेल्या लेकीला मशीन पाठवायचं होतं, दुकानातून थेट बसच्या टपावर. घरी कार्ड गेलं की संपलं. तिचे मालक सोसायटीच्या निवडणुकीला उभे होते आणि प्रचारापायी तिच्या पाटल्या आधीच मोडून झाल्या होत्या.

"या अक्का," गनीभाई म्हणाले.

"नाव?" साहेबांनी विचारलं.

"रुक्माबाई."

"पूर्ण सांगा. नवऱ्याचं नाव?"

"त्यास्नं नाव मी लेत नही."

"मग उखाण्यात घ्या."

"कोनं लगीन शे आठे?" भागाबाई म्हणाली.

साहेब गनीभाईंकडे वळले. "तुमचं गिऱ्हाईक. तुम्ही सांगा."

गनीभाई रुक्माबाईच्या लग्नात जेवले होते. "यांना तर आज पहिल्यांदाच बघतोय, साहेब."

"आत्ता अक्का म्हणालात!"

"सगळ्यांनाच म्हणतो. तुमच्या मंडळी आल्या तर त्यांनाही म्हणेन."

साहेबांनी आवाज मऊ केला. "बाई, लपवण्यासारखं काही नसेल, तर सांगायला काय हरकत आहे?"

रुक्माबाईनं त्यांच्या मनगटाकडे पाहिलं. "साहेब, हाई घड्याय कितलाले लिधं? पैसा कथाईन उना? घरवालीले माहीत शे का?"

साहेबांचा हात टेबलाखाली गेला. "ते माझं खाजगी आहे."

"हां. मन्हं बी."

साहेब उठून उभे राहिले. "नाव नाही, तर मशीन नाही. नियम आहे."

"बरोबर," गनीभाई म्हणाले. "मशीन नाहीच द्यायचं. पण नुसतं डोकं देता येईल. आमच्या धंद्यात डोकं वेगळं विकतात, पायडलचा स्टँड वेगळा. डोकं आठशेला, स्टँड पाचशेला."

"एकाच माणसाला दोन्ही दिलं, तर मी बेरीज धरीन."

रुक्माबाईनं गाठ सोडली, नोटांचे दोन भाग केले आणि एक भाग साहेबांच्या देखत भागाबाईच्या हातात ठेवला. भागाबाई पदर सावरून पुढे झाली.

"भाऊ, माले पायडल दे. डोकं नको, ते माले शे."

"अहो, पण हे दोन्ही एकाच घरी जाणार!"

"परिपत्रकात रकमेचं लिहिलंय, साहेब. घराचं काही लिहिलेलं नाही," गनीभाई म्हणाले आणि त्यांनी दोन पावत्या फाडल्या.

रुक्माबाईनं डोकं लेकरासारखं कडेवर घेतलं. स्टँड हमालानं उचलला. ती सावकाश पायऱ्या उतरली. साहेब दारापर्यंत धावले.

"बाई, निदान गाव तरी सांगा!"

"धुळं जिल्हा," ती मागे न बघता म्हणाली आणि एस.टी. स्टँडवर लागलेल्या पाचोऱ्याच्या बसकडे निघाली.

साहेबांनी तेवढं लिहून घेतलं.