लाखोरीचे वडे

“मले भूक नाई,” म्हणत दीप्तीनं ताट सरकवलं. नुसता भात खाल्लेला. वरण-भाजी जशीच्या तशी.

अल्कानं ते उचलून झाकून ठेवलं. कामठ्याच्या अंगणवाडीत अल्का मदतनीस होती. तिच्या हातची खिचडी गावातली पोरं मागून मागून खात. घरातली ही सात वर्षांची पोर मात्र, अल्का लग्न होऊन या घरात आल्यापासून, कोरड्या भातावर आणि बिस्किटांवर जगत होती. तिची आई वारली त्याला दीड वर्ष होत आलं होतं.

“उद्या तिची मावशी येऊन राहिली नागपूरहून,” दीप्तीचा बाप रत्नपाल हात धुताना हळूच म्हणाला. “घेऊन जातो म्हणते. तिथं तरी दोन घास खाईल.”

“अन् तुमी पाठवसान?”

“मंग काय करू? पोरगी वाळून राहिली डोळ्यासमोर.”

तो बिरसीला विमानतळावर बागकामाला जाई. रविवारीही सुट्टी नव्हती. सायकल काढून तो निघून गेला.

अल्कानं भिजवलेली लाखोरीची डाळ निथळली आणि मिक्सरच्या भांड्यात घातली. बटण दाबणार, तोच दारातून आवाज आला.

“त्याच्यात नोको वाटू.”

“काऊन?”

“पीठ होते. आई पाट्यावर वाटे.”

पोरगी आपणहून तिच्याशी कधी बोलली नव्हती. अल्कानं डाळ परातीत काढली, मोरीजवळचा पाटा धुऊन मधोमध आणून ठेवला.

“मले नाई येत तुझ्या आईवाणी. तू सांग.”

दीप्ती दारातून आत आली. पाट्यासमोर बसली.

“लसूण पयले. मीठ आता नोको.”

वरवंटा तिला एकटीला सरकेना. अल्कानं दुसरं टोक धरलं. दोघी वाटत राहिल्या. दीप्तीचा फ्रॉक डाळीच्या पाण्यानं भिजला.

“अजून?”

“बस. दाताखाली आली पायजे.”

सांबार, म्हणजे कोथिंबीर, चिरून घातला. ओल्या फडक्यावर दीप्तीनं वडे थापले, सगळे वेडेवाकडे. तिला कढईपासून लांब बसवून अल्कानं पहिला वडा तेलात सोडला. तो फुटून पसरला. दीप्तीचा चेहरा उतरला.

“म्या बिघडवला.”

“फुटला त फुटला. हा आपल्या दोघींचा.”

अल्कानं तुकडे झाऱ्यानं काढले, फुंकर घालून अर्धे तिच्या हातावर ठेवले. दीप्तीनं खाल्ले. नंतर ताटलीतला एक वडा तिनं स्वतःच उचलला. अल्का न पाहिल्यासारखं करून पुढचे वडे तळत राहिली. तिसऱ्या वड्याबरोबर दीप्तीनं वरण-भात मागितला.

संध्याकाळी रत्नपालनं एक घास खाल्ला आणि चावता चावता थांबला. ही चव त्याच्या ओळखीची होती.

“कोणं केले?”

“आमी,” शेजारी जेवत बसलेली दीप्ती म्हणाली. “दुपारी बी वरण-भात खाल्ला म्या.”

तो उठून अंगणात गेला. त्यानं दीप्तीच्या मावशीला फोन लावला. “राहू दे ताई, नोको येऊ उद्या. हो, जेवली. दोनदा जेवली.”

अल्का आतून ऐकत होती. गेलेल्या बाईची चव आज तिच्या स्वयंपाकात आली होती, आणि तिला त्याचं जराही वाईट वाटलं नाही. अंगावरून काहीतरी जड उतरलं होतं.

दीप्ती तिथंच चटईवर झोपून गेली. तिच्या बोटांना लसणाचा वास येत होता. अल्कानं तिच्या अंगावर चादर टाकली आणि स्वतःचं ताट वाढून घेतलं. तिला कडकडून भूक लागली होती.