क्लोतिल्द मावशीची तब्येत

आन्स लाग्रीव या बेटावरच्या कोळीगावातल्या माणसांना समुद्रातलं काहीही विचारा, खोटंच सांगतील. त्यात कुणाचा दुष्टावा नसतो, गावाचं वळणच तसं आहे. मासा कुठे लागतो हे ज्यानं खरं सांगितलं, त्याच्या जागेवर दुसऱ्या दिवशी गावभरची जाळी पडलेली असतात. हे तिथलं पोर चालायला लागण्याआधी शिकतं.

म्हणून त्या मोठ्या प्रवासी जहाजाचा साहेब, मिस्टर हाल्वर, सकाळी धक्क्यावर उतरला आणि "पाठीला हवेची टाकी बांधून बुडी मारायला इथली सगळ्यात सुंदर जागा कुठली?" असं दारोदार विचारत सुटला, तेव्हा गावानं त्याचं जे करायचं ते केलं. रमच्या दुकानातल्यांनी त्याला एकाच वेळी चारी दिशा दाखवल्या. न्हाव्यानं सांगितलं, इथे समुद्राला तळच नाही. पोलिडोर कोळ्यानं तर त्याचा हात हातात घेतला, डोळ्यांत पाणी आणलं आणि ओढ्याच्या तोंडाशी नेऊन सोडलं. साहेब गढूळ पाण्यात उतरला आणि एका लोखंडी पलंगाचा सांगाडा पाहून वर आला.

मा उडॉक्सी ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत हे सगळं बघत होती. पोलिडोरचं काम तिला आवडलं. डोळ्यांत पाणी आणायची गरज नव्हती, पण त्याला प्रत्येक गोष्टीत तेल जास्तच लागतं.

तेवढ्यात तिची मुलगी आन्सेल्मा पायऱ्या चढून आली. ओली, लाल, फणकारलेली.

"आई, गावानं वाटोळं केलं! दुपारी तो एकदाच बुडी मारणार आहे. काही दिसलं नाही तर जहाज पलीकडच्या प्वांत रूज गावी थांबणार, अख्खा मोसम."

"थांबू दे. प्वांत रूजच्यांना पाव्हणा आला की दात घासायची तरी आठवण होईल."

"आणि मी? मी बार्बाडोसला जाऊन बुड्या मारायचं शिकले ते कुणासाठी? ते जहाज इथे थांबलं नाही ना, तर मी त्याच जहाजावर चढते. त्यांच्या धोबीखान्यात जागा आहे, मी विचारून आलेय."

मा उडॉक्सीच्या हातातली शेंग तशीच राहिली. "माझी मुलगी परक्यांच्या चड्ड्या धुणार?"

"इथे तुझ्या धुते ना, तशाच."

दुसरी कुणी असती तर शेंगांची परडी तिच्या डोक्यात बसली असती. पण पोरीच्या खोलीचं दार उघडं होतं आणि आतली पेटी भरलेली दिसत होती. वरती रविवारचे बूटसुद्धा ठेवलेले. माणूस रागाच्या भरात बूट पेटीत ठेवत नाही, ते ठरवून ठेवतो. तिची चार मुलं या बेटावरून अशीच गेली होती, एकेक पेटी घेऊन. ही शेवटची.

"आई, एक सांग. बाबांना एवढे मासे कुठे मिळायचे?"

"तुझा बाप मासे धरायला जायचाच कुठे? तो मावशीकडे जायचा."

क्लोतिल्द मावशी आन्स लाग्रीवमध्ये सगळ्यांना ठाऊक होती. मा उडॉक्सीच्या नवऱ्याची, तेओफिलची मावशी, किनाऱ्याच्या वरच्या अंगाला कुठेतरी एकटी राहायची, अंथरुणाला खिळलेली. तेओफिल पहाटे होडी काढायचा. कुणी विचारलं की "मावशीला बघून येतो" म्हणायचा आणि येताना टोपलीभर लाल मासे घेऊन यायचा. वाटेत लागले म्हणायचा. मावशीला कधी ताप यायचा, कधी पोटात वारा धरायचा. "आज मावशी चिडलीय" म्हणाला की त्या दिवशी तिकडे पाण्याला ओढ जोरात असायची, पण हे फक्त त्याच्या बायकोला कळायचं. गावातल्या बायका मावशीसाठी कच्च्या केळ्यांचं सूप पाठवायच्या. मा उडॉक्सी भांडं घासून परत करायची आणि सांगायची की मावशीला मीठ थोडं कमी चालेल. फादर दर रविवारी आजाऱ्यांच्या प्रार्थनेत तिचं नाव घ्यायचे. तेओफिल वारल्यावरही घेत राहिले, कारण मावशी गेल्याचं कुणी कळवलं नव्हतं. पोलिडोर विधुर झाला तेव्हा त्यानं तर मावशीला मागणी घातली. एवढ्या वयाची, एकटी, शिवाय मासे जिथे लागतात त्या बाजूची. मा उडॉक्सीनं निरोप दिला, मावशी विचार करतेय.

आज मा उडॉक्सीनं स्वयंपाकघराचं दार लावलं, खिडकी लावली, कोंबडीला बाहेर घातलं आणि पोरीच्या कानाशी तोंड नेलं.

"मावशी नाहीये."

"गेली? कधी?"

"अगं, नव्हतीच. मावशी म्हणजे खडक आहे. समुद्रातला. बापाची जागा."

आन्सेल्मा मटकन स्टुलावर बसली. "मी लहानपणी ईस्टरच्या उपासात तिच्यासाठी साखर सोडली होती. चाळीस दिवस!"

"तुझे दात शाबूत राहिले ना? मावशीची कृपा म्हण. आता खुणा नीट ऐक. चर्चचा क्रूस पोलिडोरच्या नीरफणसाच्या शेंड्यावर आला पाहिजे. आणि काळ्या कड्याचं नाक पिवळ्या घराला टेकलं पाहिजे. दोन्ही जुळले की खाली मावशी."

आन्सेल्मानं दोन्ही खुणा बोटांवर मोजल्या. मग हळूच म्हणाली, "म्हणजे नीरफणसाच्या शेंड्यावर नाही. आणि घराला टेकलं नाही पाहिजे."

"मी काय सांगतेय?"

"तू सांगतेयस म्हणूनच. आई, तू कोथिंबीर कुठे लावलीय तेसुद्धा शेजारणीला खरं सांगत नाहीस. मला माझा वाढदिवससुद्धा फादरकडून कळला."

"तुझ्या बापाची शपथ!"

"बाबांची शपथ घेऊन तू मागच्या महिन्यात सांगितलंस की आपल्याकडे कोको संपलाय."

 मा उडॉक्सीच्या शपथेची धार वापरून वापरून गेली होती. आता एकच उरलं. ती उठली, रविवारची टोपी काढली, जाळीची, काळ्या फितीची, आणि ती आरशात न बघता डोक्यावर चढवली.

"चल. मी येते होडीत. मी दाखवते."

मा उडॉक्सी होडीत कधी बसलेली गावानं पाहिली नव्हती. कोळ्याची बायको असून समुद्राला ती सासूसारखी लांबूनच मान द्यायची. ती आठवड्याच्या मधल्या दिवशी, चर्चची टोपी घालून, मुलीच्या दंडाला धरून धक्क्यावरून उतरतेय म्हटल्यावर सगळं गाव जे समजायचं ते समजलं. क्लोतिल्द मावशीचा शेवट जवळ आला.

आन्सेल्माची मोटरहोडी साहेबाला घेऊन खाडीच्या बाहेर पडते न पडते तोच मागून होड्या निघाल्या. पहिल्या होडीत फादर, मरणाऱ्याला लावायच्या पवित्र तेलाची कुपी घेऊन. मागच्या होड्यांत बायका, मांडीवर सुपाची भांडी, ओल्या फडक्यानं झाकलेली. आणि पोलिडोर. काळा सूट, कॉलरला लाल जास्वंद. मावशी जाण्याआधी तिचा होकार मिळाला तर बरं, असा त्याचा हिशेब होता.

मिस्टर हाल्वर मागे वळून बघत म्हणाला, "ही सगळी माणसं माझ्यासाठी?"

"तुमच्यासाठीच," आन्सेल्मा दात आवळून म्हणाली. "आई, हे काय?"

"गप्प बस. क्रूस बघ."

 खुणा तेओफिलनं मा उडॉक्सीला मरताना सांगितल्या होत्या. तीन वेळा सांगितल्या, तिन्ही वेळा वेगळ्या, आणि म्हणाला, शेवटची खरी. तेव्हा तिनं मान डोलावली होती. आता भर उन्हात, टोपी धरून बसल्यावर तिच्या मनात आलं, त्या मेल्यानं मलाही फसवलं असेल तर? नवरा कितीही चांगला असला तरी आधी कोळी होता. खाली नुसता चिखल निघाला, तर पोरगी जाणारच. जाताना असंही म्हणेल, शेवटच्या दिवशीसुद्धा आई खोटंच बोलली.

क्रूस नीरफणसाच्या शेंड्यावर आला. काळ्या कड्यानं नाक पुढे काढलं आणि पिवळ्या घराला टेकवलं.

"इथे," मा उडॉक्सी म्हणाली.

नांगर पडला. साहेब आणि आन्सेल्मा टाक्या बांधून पाण्यात गेले. मागच्या होड्या येऊन भोवती गोल थांबल्या. चहूकडे पाणी. घर नाही, दार नाही.

फादरनी घसा साफ केला. "मा उडॉक्सी, क्लोतिल्द बाई कुठे आहेत?"

"खाली."

बायकांनी छातीशी हात नेले. "खाली? कधीपासून?"

"फार आधीपासून."

"अरे देवा! शेवटी फार त्रास झाला का हो?"

"छे. जागची हलली नाही."

मा उडॉक्सी त्या दिवशी एक शब्द खोटा बोलली नाही. तिला स्वतःलाच ते विचित्र वाटत होतं, कुणा दुसरीचे बूट घालून चालल्यासारखं. फादरनी टोपी काढली. बायकांनी शोकाचं गाणं धरलं आणि कुणीतरी हुंदके देत सूप वाटायला लागलं, कारण ते निवत होतं.

फक्त पोलिडोर गात नव्हता. तो किनाऱ्याकडे बघत होता. क्रूस, त्याच्या स्वतःच्या अंगणातलं झाड, कडा, घर. हयातभर ही जागा शोधली, आणि तिची खूण होती त्याच्याच दारात. त्यानं आपली होडी हळूच मा उडॉक्सीजवळ आणली.

"ही मावशी?" तो पुटपुटला.

"हीच."

"मी हिला मागणी घातली होती."

"विचार करतेय म्हणून कळवलं होतं ना तुला."

पोलिडोरच्या मानेची शीर उडायला लागली. तो उभा राहिला, सगळ्यांना सांगायला तोंडही उघडलं. मग त्यानं आजूबाजूला बघितलं. सगळं गाव, रमच्या दुकानातले सगळे, न्हावीसुद्धा. खडकाला लग्नाची मागणी घातलेला माणूस पुढे कसा जगणार? त्यानं उघडलेल्या तोंडाचा तसाच हंबरडा केला, कॉलरचं जास्वंद काढून पाण्यात टाकलं आणि "क्लोतिल्द!" म्हणून खाली बसला. बायका दुप्पट रडल्या. मा उडॉक्सीनं बघितलं, या वेळी डोळ्यांतलं पाणी खरं होतं.

तेव्हाच पाणी फुटलं आणि आन्सेल्माचं डोकं वर आलं. तिनं तोंडातली नळी काढली. क्रूसाकडे बघितलं, झाडाकडे बघितलं, मग आईकडे.

"आहे?" मा उडॉक्सीनं विचारलं. आवाज बारीक निघाला म्हणून तिला स्वतःचाच राग आला.

"आहे, आई. भिंत आहे, चर्चपेक्षा उंच. जांभळी, पिवळी, आणि माशांचे थवेच्या थवे. आई, तू खरं सांगितलंस!"

"माझं सोड. त्या मेल्यानं खरं सांगितलं," मा उडॉक्सी म्हणाली, आणि टोपीची जाळी डोळ्यांवर ओढून घेतली.

साहेब वर आला तो आनंदानं थरथरत. गाव रडतंय, गातंय, त्याच्यापुढे सुपाचा वाडगा येतोय, हे बघून त्याचेही डोळे भरले. आपण सुखरूप वर आलो म्हणून ही भोळी माणसं रडतायत असं त्याला वाटलं. त्यानं प्रत्येकाचा हात हातात घेतला. पोलिडोरला तर मिठी मारली.

"ठरलं," तो म्हणाला. "जहाज इथेच. दर आठवड्याला." आणि डोकं पुसता पुसता आन्सेल्माला म्हणाला, "आता मला फक्त जागेच्या खुणा सांगा. पुढच्या वेळी आमची माणसं आमच्याच बोटीतून प्रवाशांना आणतील. तुम्हाला कशाला त्रास?"

त्या काळी हातातल्या फोनवर जगाचा नकाशा उघडत नव्हता. खुणा सांगणारा असेल तर जागा, नाहीतर नुसतं पाणी.

मा उडॉक्सीच्या हातातला वाडगा थांबला. उत्तर तिच्या जिभेवर तयार होतं, पण साहेबानं विचारलं होतं आन्सेल्माला. ही पोरगी बार्बाडोसहून खरं बोलायची सवय लावून आली होती. गिऱ्हाइकाला सांगायची, आज पाणी गढूळ आहे, उद्या या. अशा पोरीच्या हातात आता सगळं होतं.

आन्सेल्मानं तोंडावरचं मीठ पुसलं. किनाऱ्याकडे बघितलं. मान किंचित तिरकी केली, अगदी बापासारखी.

"सोपं आहे, साहेब," ती म्हणाली. "क्रूस आणि शाळेचं छप्पर एका रेषेत धरा. काळा कडा दिसेनासा झाला की थांबा."

होड्यांतल्या एकाही माणसाच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. मा उडॉक्सीनं सुपाचा एक घोट घेतला, सावकाश गिळला आणि म्हणाली, "अगं, नीट सांग ना त्यांना. दिसेनासा झाल्यावर आणखी थोडं पुढे."

"हो, आणखी थोडं पुढे," आन्सेल्मा म्हणाली.

"पुष्कळ पुढे," पोलिडोर नाक ओढत म्हणाला.

पुढच्या आठवड्यात जहाजाची चकचकीत बोट प्रवाशांना घेऊन सकाळपासून खाडीबाहेर घिरट्या घालत होती. ऊन चढलं, प्रवासी आडवे झाले, रंगीत टोप्या बोटीच्या काठावर ओळीनं लोंबायला लागल्या. शेवटी मिस्टर हाल्वर घामाघूम होऊन चढ चढून आला आणि ओसरीसमोर उभा राहिला. "आन्सेल्मा बाई आहेत का?"

आन्सेल्मा आतच होती, पेटीतून काढलेले रविवारचे बूट परत पलंगाखाली सरकवत.

"जेवतेय," मा उडॉक्सी म्हणाली, आणि त्याला सोलायला तुरीच्या शेंगा दिल्या.