शेपटीची लांबी

बुधवारी सकाळी सव्वानऊला मी जर्मनीतल्या अख्ख्या इंगोलश्टाट शहरातली सगळ्यात हुशार मुलगी होते. दुपारी पाऊण वाजता मला कळलं की माझ्या या हुशारीपायी एक जीव जाणार आहे. मधले साडेतीन तास मी चक्क शिट्टी वाजवत हिंडत होते.

नववीत आम्हाला प्राक्टिकुम असतं, म्हणजे दोन आठवडे शाळेत न जाता कुठेतरी कामाला जायचं. मी गेले बाबाच्या कंपनीत. बाबा, म्हणजे देवदत्त सबनीस, गाड्यांचे सुटे भाग पुरवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीचं काम बघतो. चाकणहून येणारा माल त्याच्या सहीशिवाय पुढे सरकत नाही. गेल्या वर्षीपर्यंत उत्तर येत असूनही मी वर्गात हात वर करायचे नाही. मग ऑक्टोबरमध्ये वादविवाद स्पर्धेत पहिली आले, आणि तेव्हापासून माझा हात खालीच येत नाही असं आईचं म्हणणं आहे. खोटं नाहीये ते.

तर त्या दिवशी चाकणहून विमानाने सहा लाकडी क्रेट आले होते. आत नेहमीचा पांढरा फोम नव्हता. त्याऐवजी केळीच्या सोपटाच्या धाग्यांच्या जाड गाद्या होत्या. ही बाबाची कल्पना. मुळशीच्या पुढे, अगदी जंगलाला लागून असलेल्या एका गावात बायकांचा गट त्या गाद्या शिवतो. दीड वर्ष बाबा मीटिंगांमध्ये त्यांच्यासाठी भांडला होता. प्लास्टिक नको, ओलावा धरत नाहीत, भाग खरवडत नाहीत, सगळं सिद्ध करून दाखवलं. हे पहिले सहा क्रेट नीट पोचले, की पुढचा सगळा माल त्या गाद्यांमधून येणार होता. मंगळवारी रात्री त्याला नीट जेवणही गेलं नव्हतं.

पहिला क्रेट उघडून दहा मिनिटं होतात तोच गोदामात गलका झाला. रॅकवरून लोंबणाऱ्या पट्ट्याला एक इवलासा उंदीर लटकला होता. कोणीतरी म्हणालं रात्ते, म्हणजे घूस किंवा मोठा उंदीर. कोणीतरी औषध मारणाऱ्याला फोन करायला निघालं. मी सरळ पुढे गेले आणि सगळ्यांना थांबवलं. पाठ बघा, म्हटलं, तांबूस आहे. पोट पांढरं. आणि शेपटी बघा कशी पट्ट्याला गुंडाळलीय. ही त्स्वेर्गमाउस आहे, इथल्या शेतातली, गवताच्या काड्यांवर चढणारी. सातवीत मी हिच्यावर वर्गात अर्धा तास बोलले होते, तेव्हा मला सगळं तोंडपाठ होतं. थंडीत उबेला आली असणार, मालाच्या दारातून. गोदामाच्या मागे शेतच तर आहे.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. गोदामाचे प्रमुख हेर ब्रांडल (हेर म्हणजे जर्मनमधलं ‘श्रीयुत’) यांनी हातमोज्यात तो उंदीर अलगद धरला आणि स्क्रू ठेवायच्या पारदर्शक डब्यात ठेवला. वर भोकं पाडलेलं झाकण, आत सफरचंदाची फोड. साठीचा, डोंगराएवढा माणूस, पण बोटं अशी की जणू अंडं उचलतोय. दोन वाजता पाळी संपली की मागच्या कुंपणाच्या झुडपांत सोडतो म्हणाले. बाबाने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांकडे बघून म्हणाला, ही माझी मुलगी. तो असं कधी म्हणत नाही. मी दिवसभर उडतच होते.

पाऊण वाजता कँटीनमध्ये मी मैत्रिणीला पाठवायला फोटो निवडत होते. एका फोटोत उंदीर डब्याच्या तळावर सरळ ताणून बसला होता. त्या डब्यांच्या तळाला चौकोनांची जाळी असते. सहज मोजले. नाकापासून बुडापर्यंत सात चौकोन. मग शेपटी, पुन्हा एकपासून. सातवर थांबेना. आठ, नऊ, दहा, अकरा, आणि वर थोडी.

पुन्हा मोजलं. मग झूम करून पुन्हा.

त्स्वेर्गमाउसची शेपटी अंगाएवढीच असते, फार तर किंचित कमी-जास्त. हे मला माहीत होतं. सातवीत मीच ते फळ्यावर लिहिलं होतं. सकाळी मी रंग बघितला, लटकणं बघितलं आणि बोलून मोकळी झाले. शेपटी दिसत होती, पण मी ती मोजली नाही.

फोटो क्षितिजाताईला पाठवला. ती पुण्याची. म्युनिकला लहान सस्तन प्राण्यांवर पीएच.डी. करते आणि दर दिवाळीला फराळाला आमच्याकडे असते. तिने मेसेज न करता सरळ फोन केला. तो क्रेट कुठून आला, गाद्या कुठल्या, सगळं विचारून घेतलं. मग म्हणाली की हा आपल्याकडचा झाडउंदीर असू शकतो. व्हँडेल्यूरिया. सह्याद्रीच्या जंगलात झाडांवर, बांबूत राहतो, जमिनीवर क्वचितच उतरतो.

“असू शकतो म्हणजे?” मी विचारलं.

“म्हणजे असू शकतो. फोटोतल्या चौकोनांवरून मी कुणाचं नाव घेत नाही. मला पाय दाखव. अंगठा आणि करंगळी. तिथे टोकदार नखी असेल तर तुझी त्स्वेर्गमाउस. आपल्या नखासारखं चपटं नख असेल तर नाही.” मग तिने विचारलं, “बाहेर किती आहे गं?”

“उणे सहा.”

“मग तोवर सोडू देऊ नकोस. झाडउंदीर असला तर तास नाही काढणार.”

एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

मी बाबाच्या टेबलाशी गेले. तो पहिल्या क्रेटचे कागद भरत होता. सगळं सांगितलं, एका दमात. त्याने मान वर केली नाही. पेन मात्र थांबलं. मला वाटलं होतं तो ताडकन उठेल. त्याने विचारलं, शंभर टक्के खात्री आहे का. मी म्हटलं नाही, सत्तर.

“शमे, सत्तर टक्क्यांवर मी सहा क्रेट अडवू? जंगलातला प्राणी गादीतून आला असं एकदा या कागदावर चढलं की त्या गाद्या संपल्या. त्या बायका संपल्या. परत कोणी ऐकणार नाही माझं.” मग हळूच म्हणाला, “आणि सकाळी तूच सांगितलंस ना सगळ्यांना. इथलीच आहे म्हणून.”

वादविवादात समोरचा गप्प झाला की आपण जिंकतो. इथे मी गप्प झाले आणि बाबाही जिंकल्यासारखा दिसेना. तो खिडकीबाहेर बघत होता. बाहेर बर्फ चमकत होतं.

मी म्हटलं, निदान पाय बघू दे. मी निघाले.

हेर ब्रांडल यांच्या केबिनमध्ये डबा नव्हता. तेही नव्हते. शेजारच्या फोर्कलिफ्टवाल्याने सांगितलं, दोननंतर दुसऱ्या पाळीच्या गाड्या मागे येतात म्हणून ते आत्ताच गेले, उंदीर घेऊन.

मी जॅकेट न घेताच पळाले. पायात गोदामात घालावे लागणारे, बोटांवर लोखंडी टोपी असलेले बूट, एकेक पाय पाच किलोचा वाटत होता. मागचं दार उघडलं आणि थंडी दातांत शिरली. कुंपण दोनशे मीटरवर. हेर ब्रांडल झुडपांपाशी पोचले होते, वाकलेले, डबा बर्फावर, एक हात झाकणावर.

मी ओरडले. शब्द कुठले होते आठवत नाही, बहुधा मराठीच, कारण ते वळले ते न समजून. पण थांबले. झाकण बोटभर उघडलं होतं आणि त्या फटीतून दोन मिशा बाहेर आल्या होत्या.

मी धापा टाकत म्हटलं, “बंद करा. मी चुकले. सकाळी मी जे बोलले ते चुकीचं होतं.”

त्यांनी झाकण दाबलं. मग त्यांच्या त्या जाड बवेरियन बोलीत म्हणाले, सकाळी तू मला अर्धं व्याख्यान दिलंस, मुली. आता काय, दुसरं अर्धं?

मी दोन मिनिटं मागितली. डबा कमरेच्या उंचीवर उचलून धरायला सांगितला. त्यांनी धरला, पुढचं काही न विचारता. उंदीर थरथरत होता. तळावर चार पाय पसरून तो चिकटून बसला आणि मी खालून, बर्फात गुडघे टेकून, फोन प्लास्टिकला लावला. पहिला फोटो धूसर. दुसऱ्यात माझ्याच श्वासाची वाफ. श्वास धरला. तिसरा.

मधल्या बोटांना काळसर, बारीक, वाकडी नखी होती. अंगठ्याला नव्हती. करंगळीलाही नव्हती. तिथे दोन चपटी, गुलाबी नखं होती, तान्ह्या बाळाची असतात तशी.

फोटो गेला. क्षितिजाताईचं उत्तर लगेच आलं, एकच ओळ: आत घ्या, आत्ता.

मी ते जर्मनमध्ये सांगितलं. ही इथली नाही, गरम प्रदेशातल्या झाडांवरची आहे, इथे मरेल. हेर ब्रांडल यांनी डबा आपल्या जॅकेटच्या आत, छातीशी घेतला आणि चेन वर ओढली. मग त्यांनी सगळ्यात साधा प्रश्न विचारला.

“मग ही आली कुठून?”

उत्तर माझ्या जिभेवर होतं. दोन शब्दांचं. मी ते सांगितलं असतं तर बाबाचं दीड वर्ष तिथेच, त्या बर्फात पडलं असतं. नसतं सांगितलं तर आणखी एक खोटं माझ्या नावावर. मी बुटांकडे बघत राहिले. थंडीने कान दुखत होते.

“आमच्या क्रेटमधून,” मागून आवाज आला.

बाबा उभा होता. त्याच्या हातात माझं जॅकेट होतं. त्याने ते मला दिलं नाही, नुसतं धरून उभा राहिला.

“गादीतून, हेर ब्रांडल. सकाळी झाकण उघडलं तेव्हा मी तिथे एक पोकळी बघितली होती. गोल, मुठीएवढी, आत पानं चघळून लावलेली. घरटं होतं ते. मी वरून दुसरी गादी टाकली.” त्याने माझं जॅकेट दुसऱ्या हातात घेतलं. “मग हिने सांगितलं की इथलीच आहे. आणि मला ते फार आवडलं.”

हेर ब्रांडल यांनी छातीवरच्या फुगवट्यावर हात ठेवला होता. शेवटी ते एवढंच म्हणाले, आल्झो, म्हणजे बरं तर, आत चला, ही गारठतेय.

पशुवैद्यकीय कार्यालयातून साडेतीनला एक बाई आल्या, गरम पेटी घेऊन. मी त्यांना व्हँडेल्यूरिया म्हणून सांगितलं, तर त्यांनी कागदावर लिहिलं, ‘अनोळखी उंदीरवर्गीय प्राणी, बहुधा आयात’. मला राग आला. मग वाटलं, सकाळी मीही एवढंच बोलले असते तर. उंदराला म्युनिकजवळच्या एका केंद्रात वेगळं ठेवणार होते. शनिवारी क्षितिजाताई तिथे जाऊन बघणार, आणि तिच्यासोबत मला यायचं असेल तर चालेल, असं त्या म्हणाल्या. निघताना त्यांनी पेटीचं भोक मला दाखवलं. आत तो फांदीला चिकटून बसला होता आणि शेपटीचा दीड वेढा फांदीभोवती होता. सफरचंद अर्धं संपलं होतं.

बाबाचा वरिष्ठांशी फोन मात्र तासभर चालू होता. मी काचेतून बघत होते. जर्मनमध्ये नुसतं जा, जा, गेनाऊ, म्हणजे हो, हो, अगदी बरोबर. बाहेर आला तेव्हा चेहरा पांढरा होता. गाद्या बंद, कधीपर्यंत ते माहीत नाही. शुक्रवारी त्याला सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं होतं की त्याने सकाळी काय पाहिलं आणि का लपवलं. मी सॉरी म्हणायला तोंड उघडलं. त्याने मान हलवली, नको म्हणून, आणि टेबलाच्या खणातून शिवण उसवायची छोटी कात्री काढली.

उरलेले पाच क्रेट अजून बंद होते. एकातून एक आला, तर आणखीही असू शकतात, आणि उद्या सकाळपर्यंत त्या गारठलेल्या कोपऱ्यात ते टिकणार नाहीत. घरी जायची वेळ होऊन गेली होती. हेर ब्रांडल यांचीही. पण त्यांनी मालाचं मोठं दार खाली ओढलं आणि रिकामे डबे आणून ओळीने लावले.

बाबा गोदामाच्या फरशीवर गुडघे टेकून बसला. दुसऱ्या क्रेटमधली पहिली गादी मांडीवर घेतली. कडेने मुळशीच्या बायकांनी घातलेली हिरवी शिवण होती, टाका टाका सारखा. त्याने एकेक टाका कापायला सुरुवात केली, घाई न करता, आत काही असलं तर त्याला लागू नये म्हणून.

“टॉर्च जरा खाली धर,” तो म्हणाला.

मी खाली धरली.