चिमूटभर से

पकोक्कूच्या दातांच्या दवाखान्यात नान्दारला दोन कामं होती. एक डॉक्टरांच्या हाताशी उभं राहायचं, आणि दुसरं म्हणजे पेशंट खुर्चीतून उठायच्या आत त्याचं पान सोडवायचं. दुसरं जास्त अवघड. माणूस दात देतो, पान देत नाही.

इकडे औषधालाही से म्हणतात आणि पानात पडणाऱ्या तंबाखूलाही से. टपरीवाली विचारते, "से घालू?" दवाखान्यात विचारतात, "से घेतलं?" नान्दार म्हणायची, "आमचं से दोन वेळा जेवणानंतर. टपरीवरचं एक चिमूटही नाही." बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं ती मुद्दाम मोठ्यानं बोलायची. बाकावरचे हसायचे, पण ऐकायचे.

थिंजानच्या सणाआधी तिचा बाप, सायकली दुरुस्त करणारा ऊ सान लिन, त्याच खुर्चीत बसला. दाढ ठणकत होती.

"सया, जरा हळू," तो डॉ. खिन माउंगना म्हणाला. "ही पोरगी माझ्या बायकोच्या पानटपरीच्या कमाईवर शिकली, आणि आता पानावरच उठलीये."

"अफे, तोंड उघडा," नान्दार म्हणाली. "बोलायला नाही, दाखवायला."

गालाच्या आतला पांढरा चट्टा डॉक्टरांच्याही आधी तिला दिसला. तुकडा तपासायला मंडालेला गेला. निकाल आला, अजून वाईट काही नाही. पान, सुपारी, से सगळं आजच सुटलं, तर चट्टा ओसरेलही.

मग नान्दारनं बापाला तेच सांगितलं जे ती सगळ्यांना सांगे. तलफ आली की पाणी प्या, बडीशेप चघळा, टपरीसमोरून जाऊ नका. टपरी तर घराच्या ओट्यावरच होती. नान्दारच्या आईनं, दॉ म्या यीनं, ती नवऱ्यासाठी रस्त्यापलीकडे हलवली.

पहिले दिवस वाईट गेले. सायकल दुरुस्त करता करता सान लिन गिऱ्हाइकाच्या अंगावर पाना फेकी. एकदा भिंतीकडे तोंड करून लहान मुलासारखा रडला.

"माणूस आहे तो," म्या यी लेकीवर कडाडली. "दाढ नव्हे, उपटून काढायला!"

"अमे, थोडे दिवस. उतरेल."

आणि उतरलं. म्या यीनं गुळाच्या पाकात आलं, लवंग, बडीशेप घोटून वड्या केल्या. पत्र्याची डबी सान लिनच्या लुंगीच्या कमरेला कायम खोचलेली दिसू लागली. तो शांत झाला, जेवू लागला. बाजाराच्या दिवशी नान्दार त्याला दवाखान्यात आणून बसवी. "हे माझे वडील. यांनी सोडलं, तुम्ही का नाही?" सान लिन मान खाली घालून हसे. तिला वाटे, लाजतोय.

चट्टा मात्र ओसरला नाही. कडा लाल झाली.

"नक्की सुटलंय ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"सया, अफे माझ्याशी खोटं बोलणार नाहीत," नान्दार म्हणाली. तिचा आवाज चढला होता.

दुसऱ्या तुकड्याचा निकाल वेगळा आला. मंडालेत गाल, जबड्याचं हाड आणि अर्धी जीभ काढली. सान लिन घरी आला तेव्हा नळीनं पेज घेत होता. बोलणं संपलं होतं. डबीचा आता घरात कुणाला उपयोग नव्हता, म्हणून नान्दारनं ती दवाखान्यात नेली. पान सोडू पाहणाऱ्यांना होईल.

पहिली वडी ऊ फो टोकनं घेतली. म्हातारा नावाडी, ठार बहिरा. चघळली, डोळे मिटले आणि खूष होऊन ओरडला, "वा, सयामा! ही बडीशेप मला जन्मभर चालेल. चांगलं कडक से आहे हिच्यात!"

बाक हसला. नान्दारनं एक वडी फोडून जिभेवर ठेवली. मग डबी पदराआड धरावी तशी छातीशी धरून घरी गेली.

म्या यी नळी धूत होती. डबी पाहून तिनं नळी खाली ठेवली.

"तू दिवसभर दवाखान्यात. तो भिंतीशी कण्हत पडलेला. मी चिमूटभर घातलं. तुमचा डॉक्टर नाही का औषध हळूहळू कमी करत? मीही कमी करणार होते."

"अफेंना माहीत होतं?"

"मी सांगितलं नाही. त्यानं विचारलं नाही. डबी मात्र कधी परत केली नाही." ती थांबली. "नान्दार, हे त्यानं झालं? माझ्या हातानं झालं?"

आधीच्या एवढ्या वर्षांच्या पानांनी झालं की या चिमटीनं, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नसतं. नान्दार एवढंच बोलली असती, तरी ते खरं बोलणं झालं असतं.

"नाही अमे," नान्दार म्हणाली. "तेवढ्यानं काही होत नाही."

म्या यी मोठ्यांदा रडली आणि त्या रात्री पहिल्यांदा पोटभर जेवली. दुसऱ्या दिवशी लेकीचा जेवणाचा डबा घेऊन ती स्वतः दवाखान्यात आली आणि बाकावर बसली.

खुर्चीत ऊ फो टोक होता. त्याच्या गालातही पांढरं दिसत होतं.

"सयामा, सगळं नाही सुटायचं. रोज चिमूटभर से चालेल ना?"

नान्दार त्याच्या कानाशी वाकली आणि पुटपुटली.

"काय? ऐकू येत नाही! चालेल म्हणता?"

तिनं नकारार्थी मान हलवली. बोट हलवलं.

"म्हणजे चिमूटभर चालेल!" म्हातारा आनंदला आणि उठू लागला.

डॉक्टर हात थांबवून तिच्याकडे बघत होते. दार उघडं होतं. नान्दारनं म्हाताऱ्याचे खांदे धरून त्याला पुन्हा खुर्चीत बसवलं आणि बाकापर्यंत जाईल अशा तिच्या रोजच्या आवाजात म्हणाली, "नाही. चिमूटभरही नाही. चिमूटभरानंही होतं."

बाकावर आज कुणी हसलं नाही. नान्दार बाहेर आली, तेव्हा आई नव्हती. डबा बाकावर होता, झाकणाला अजून ऊब होती.