शिवलीलाची डावी किडनी

जोडवं निघेना, तेव्हा मल्लाप्पाने खाली वाकून ते असं हिसकलं की शिवलीलाच्या बोटाचं सालटं निघालं. राजाजीनगरातल्या त्या तपासणी केंद्रात धातूचं काही अंगावर ठेवून आत जाता येत नव्हतं, आणि नवऱ्याला घाई होती. रक्त तिने साडीच्या काठाला पुसलं.

घाई धाकट्या भावासाठी होती. यल्लाप्पाच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या, आणि मल्लाप्पाने स्वतःची न देता बायकोची द्यायचं परस्पर ठरवून टाकलं होतं. मोठा दिलदार माणूस. अवयवदानाला परवानगी देणाऱ्या समितीसमोर म्हणायचं वाक्य, "मी स्वखुशीने देते", त्याने तिच्याकडून पाठ करून घेतलं होतं. चुकली की थोबाडीत. पण सोनोग्राफीत तिची डावी किडनी लहान दिसली. आता कुठलीला किती रक्त पोचतं, कुठली किती काम करते, हे एमआरआयवर बघायचं होतं.

बोगद्यात यंत्राचे दणके सुरू झाले. प्रत्येक दणक्याला तिची कंबर आपोआप आखडत होती.

"अक्का, हलू नका. आता स्वल्प, थोडा वेळ, श्वास रोखा," यंत्र चालवणारी पवित्रा हेडफोनमधून सांगायची. शिवलीला रोखायची. वीस सेकंद, दरवेळी.

"एवढं कुणाला जमत नाही हो," पवित्रा नंतर म्हणाली.

"सवय आहे."

मार खाताना श्वास रोखला की हुंदका बाहेर पडत नाही, हे ती लग्नाच्या पहिल्याच वर्षी शिकली होती.

डॉक्टर निवेदितांनी नवरा, बायको आणि यल्लाप्पा अशा तिघांना समोर बसवलं. पडद्यावर उजवी किडनी उजळ होती, डावी काळी.

"डावीला रक्त जवळजवळ पोचतच नाही. भोवती जुन्या रक्तस्रावाच्या खुणा आहेत. कशाचा तरी जबर मार बसलाय. ह्या बाई उजवीवरच जगतायत, त्यांना किडनी देता येणार नाही."

"बाथरूममध्ये पडली होती," मल्लाप्पा म्हणाला.

"पडले नाही," शिवलीला म्हणाली. "उगादीच्या सणाला पुरणाची होळिगे करपली, म्हणून ह्यांनी बुटाने लाथा घातल्या."

मल्लाप्पाची थप्पड डॉक्टरांच्या देखतच बसली. ती खुर्चीसकट आडवी झाली. त्याने लाथ उचलली, तोच डायलिसिसने वाळून गेलेला यल्लाप्पा भावाच्या नरडीला झोंबला.

"माझी किडनी तुडवलीस तू, अण्णा."

टेबलावरचा पेपरवेट उचलून त्याने भावाच्या तोंडावर हाणला. दात तुटून खाली पडला. पुन्हा हाणला. पवित्राने बोलावलेल्या दोन रखवालदारांनी मल्लाप्पाला फरफटत बाहेर नेलं.

यल्लाप्पा धापा टाकत तिच्याशेजारी फरशीवर बसला. तो रडत होता.

"वहिनी, मला माहीत असतं तर..."

शिवलीलाला त्याची कीव आली. रागही आला, आणि राग जास्त होता.

"भावजी, तुम्ही पलीकडच्याच खोलीत होता," ती म्हणाली. "पहिली लाथ बसली, तेव्हा तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवलात."