आबांची ध्यानाची जागा

“चौथऱ्याला नख जरी लावलंत ना जावईबापू, तर चारचौघांत तुमची लाज काढीन!” थोरला ओरडला.

“काढा की! घरजावयाला लाज असते, हे आज पहिल्यांदाच कबूल केलंत,” जावई म्हणाला.

धाकटा ओट्यावर खुर्च्या मांडत होता. म्हणजे भाड्याने आणलेली पोरं मांडत होती आणि हा बोट दाखवत होता. थोड्या वेळात थोरल्याचे साहेब येणार होते, चौथऱ्यावरचं कापड ओढायला.

चौथरा आबांचा. आबा म्हणजे या दोघा भावांचे वडील आणि जावयाचे सासरे. गेल्या वर्षी गेले. उभी हयात शेतात राबले. आजारी पडले तेसुद्धा पीक काढून झाल्यावर. शब्दाला पक्के. पाटाचं पाणी गावात सगळ्यांना पाळीने मिळायचं. आपली पाळी संपली की आबा एक घोट जास्त घ्यायचे नाहीत. शेजारी घोरत पडलेला असला तरी त्याला हलवून उठवायचे, “ऊठ बाबा, तुझं पाणी आलं.” शेजारी शिव्या घालायचा, पण उठायचा.

आबांच्या पोरांना या सगळ्याचं भयंकर कौतुक. शहरात बसून. बाप होता तोवर थोरला शेतात यायचा तो नाकाला रुमाल लावून, आणि धाकटा यायचा तो फोटो काढायला. असाच एक फोटो त्याने काढला होता. घरासमोर, शेताच्या वरच्या कोपऱ्यात, पाटाच्या कडेला, आबा डोळे मिटून ताठ बसलेत. चेहऱ्यावर शांती. बाप गेल्यावर तो फोटो नातेवाइकांत फिरला. कुणी म्हणालं योगी, कुणी म्हणालं तपस्वी. झालं! दोघा भावांनी तिथेच संगमरवरी चौथरा बांधला आणि वर पाटी ठोकली, ‘आबांची ध्यानाची जागा’.

फोटोत पाय आले नव्हते, तिथे घोळ झाला. आबांचे पाय पाटात होते. कारण आबा झोपले होते. पाण्याची पाळी कधीही यायची, डुलकी आवरायची नाही, म्हणून म्हातारा पाय पाण्यात सोडून झोपायचा. वर कुणी पाणी तोडलं की पाय उघडे पडायचे आणि हा फावडं घेऊन धावत सुटायचा. ध्यान कसलं आलंय!

आणि तो कोपरा म्हणजे शेताचं तोंड. जमीन तिथेच उंच, पाणी तिथूनच आत शिरणार. आता त्या तोंडात संगमरवराचा बोळा.

मागची पाण्याची पाळी उरकून जावई बहिणीकडे गेला होता, नेमकं तेव्हाच हे बांधून झालं. परत येऊन बघतो तर ही शोभा. गवंड्याला धरलं तर तो म्हणाला, “खालून पाइप टाकू का, मी विचारलं होतं. थोरले भाऊ म्हणाले, दिसायला बरं नाही दिसत.”

जावयाला काही म्हातारा देव वाटत नव्हता. “फावडं धरतोस का चमचा?” असं ज्याने रोज ऐकवलं, त्याचे कोण पाय धुणार? पण आबांच्या मागे त्याने एकट्याने लावलेलं हे पहिलं पीक होतं. कोबी. गड्डे नुकते भरायला लागलेले, पानं दुपारी माना टाकत होती. आज पाण्याची पाळी होती. आजची चुकली तर पुढची येईपर्यंत कोबी करपणार, आणि मग हेच मेहुणे म्हणणार, जावयाला शेती जमत नाही.

“आजचा दिवस बादलीने घाला,” धाकटा म्हणाला.

“अख्ख्या शेताला बादलीने?”

“आबा असते तर घातलं असतं!”

“आबा असते तर बादली तुमच्या हातात दिली असती.”

थोरल्याने खिशातून भाषणाचा कागद काढला आणि घसा साफ केला. “हे बघा, कष्ट म्हणजे काय, हे आम्ही आबांच्या पायाशी बसून...”

“पायाशी कधी बसला होतास रे?” आतून सासूबाई आल्या. “बसला असतास तर पाय ओले दिसले असते. आणि ध्यान काय म्हणता? घोरायचे ते. मला इथे घरात ऐकू यायचं.”

“आई, पाहुण्यांसमोर हे बोलू नकोस हं.”

“मग बोलावलंत कशाला मला? रडायला?”

तेवढ्यात बांधावरून शेजाऱ्याची हाक आली. “जावईबापू! पाणी सोडलंय तुमच्याकडे! घेताय, का पुढच्याला देऊ?”

आणि त्याच वेळी फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजला. थोरल्याने एका हाताने हार उचलला, दुसऱ्याने जावयाची बाही धरली. “साहेब आले. पाया पडतो, भाषण होईपर्यंत तरी थांबा!”

आईच्या मागोमाग बाहेर आलेल्या जावयाच्या बायकोने भिंतीला टेकवलेली पहार उचलली आणि नवऱ्याच्या हातात दिली. भावांकडे बघितलंसुद्धा नाही.

“घेतोय!” जावई बांधाकडे तोंड करून ओरडला. मग बाही सोडवून घेत थोरल्याला म्हणाला, “तुम्ही बोला सावकाश. मला आता निघायला हवं.”