जळजळ थांबली तेव्हा

मित्रांनो, तुम्ही मला कधी आरशात पाहिलं नसेल, आणि पाहावं असं माझ्यात फारसं काही नाही. घशापासून पोटापर्यंत जाणारी मी एक ओलसर वाट, म्हणजे अन्ननलिका. भोपाळच्या कोटरा सुल्तानाबादमध्ये राहणाऱ्या नरहर खासगीवाल्यांच्या छातीत माझा मुक्काम आहे. ते मंडीदीपच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहेत आणि माझ्यासारखेच साठीला टेकलेले आहेत.

आलेला घास खाली पोचवायचा, एवढंच माझं काम. रविवारचे शेव घातलेले पोहे, जिलबी, वर भोपाळी पद्धतीचा मीठ घातलेला कढत चहा, सगळं मी मुकाट्याने खाली नेलं. मराठी मंडळाच्या पंगतीत लोक कौतुकाने म्हणत, "नरहररावांचं पोट म्हणजे पोट आहे हो!" मग पोट फुगून बसे. माझं नाव कुणी घेत नसे. खरं सांगते, मला वाईट वाटायचं.

माझ्या खालच्या टोकाला एक झडप आहे. पोटातलं आम्ल वर येऊ नये म्हणून ती मिटून राहते. पण नरहरराव कारखान्यातली दुसरी पाळी संपवून रात्री उशिरा घरी येत, भरपेट जेवत आणि लगेच आडवे होत. झडप सैल पडली, आम्ल वर येऊ लागलं. पोटाला ते सोसतं, मला सोसत नाही. मी भाजून निघायची. छातीतली जळजळ हेच माझं ओरडणं होतं. मी ओरडले की नरहरराव एक गोळी चघळत आणि कूस बदलून झोपून जात. अशी कित्येक वर्षं गेली.

शेवटी मी माझं अस्तरच बदललं. नवं अस्तर आतड्यासारखं होतं, त्याला आम्ल तितकंसं झोंबत नव्हतं. जळजळ थांबली आणि नरहररावांना आनंद झाला. ते रोज सकाळी थंड दूध घेत, त्यामुळे सगळं श्रेय दुधाला मिळालं. मंडळात कुणी नुसता छातीवर हात ठेवला तरी ते सांगू लागत, "थंड दूध घ्या, बिना साखरेचं. माझी ॲसिडिटी जड से गेली!"

मला मात्र धास्ती वाटू लागली. असल्या बदललेल्या अस्तरात कधी कधी कर्करोग शिरतो, आणि आता मला ओरडताही येत नव्हतं. शिवाय जुन्या व्रणांमुळे मी एका जागी आवळले गेले होते.

नरहरराव हल्ली पोळी दुधात कुस्करूनच खातात, हे त्यांच्या पत्नीने, प्रतिभाताईंनी हेरलं. एके दिवशी त्यांनी दुधाची वाटी बाजूला सरकवली.

"अहो, हा तुकडा कोरडा खाऊन दाखवा बरं."

"अगं, जळजळ बिलकुल नाही. उगाच कशाला परेशान होतेस?"

"आधी खाऊन दाखवा."

तो घास माझ्यात अडकला. मी सगळा जोर लावला, पण तो खाली जाईना. शेवटी डोळ्यांत पाणी आणून तो परत वर आला. प्रतिभाताईंनी त्याच आठवड्यात त्यांना तपासणीला नेलं.

दुर्बीण उतरली आणि जन्मात पहिल्यांदा मी उजेड पाहिला. डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या, "भाईसाहब, जलन बंद हुई थी, बीमारी नहीं." त्यांनी माझा कणभर तुकडा तपासायला पाठवला. निकाल येईपर्यंत घरात टीव्ही लागला नाही. माझ्यात कर्करोग आहे की नाही, हे मलाही ठाऊक नव्हतं.

नव्हता. पण अस्तर बदललेलं ते बदललेलंच. आता औषध, लवकर जेवण आणि अधूनमधून दुर्बीण हे चालूच राहणार. आवळलेली जागा तेवढी डॉक्टरांनी रुंद करून दिली.

मग काही दिवसांनी ताटात पुन्हा कोरडी पोळी आली. प्रतिभाताई घास हातात धरून नरहररावांच्या गळ्याकडे पाहत होत्या. इतकं जपून मी आयुष्यात दुसरा कुठलाच घास नेला नसेल.

"उतरला," नरहरराव म्हणाले. तेव्हा कुठे प्रतिभाताईंनी आपला घास तोंडात घातला.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी रोज गोळी चघळत असेल, पाण्याशिवाय घास गिळत नसेल, तर त्यांना डॉक्टरांकडे न्या. ते चिडले तरी न्या. आणि चिडणारे तुम्हीच असाल, तर एकदा समोरच्या ताटाकडे बघा. तुमचा घास उतरेपर्यंत तिथे कुणीतरी जेवायचं थांबलेलं असतं.